उलंगवाडीनंतर

वऱ्हाडात कपाशीची शेवटची वेचणी आटोपली की उलंगवाडी झाली म्हणतात. पऱ्हाटी काळी पडते, गुरं वावरात सुटतात, वेचणाऱ्या बाया दुसऱ्या कामाला लागतात. शेतकऱ्यापुढे मग दोन वाटा उरतात. पऱ्हाटी उपटून नांगरट करायची आणि मृगाची वाट पाहायची, ही एक. दुसरी अशी, की विहिरीत पाणी असेल तर त्याच उभ्या झाडाला ओलीत द्यायचं, थोडा युरिया मारायचा आणि निघेल तेवढा कापूस अजून काढायचा. ही फरदड. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भाची कपाशी पोखरली. तेव्हापासून कृषी खातं आणि अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ दर हिवाळ्यात कानीकपाळी ओरडतात, की फरदड घेऊ नका, अळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो. तरी लोक घेतातच. उभं झाड उपटायला हात उठत नाही.

चाळिशी, पन्नाशी, साठी उलटलेली अमरावती-अकोल्याकडची माणसं आयुष्याला नवं ध्येय कसं शोधतात, याचा आढावा घ्यायला बसलो आणि नांगरट नि फरदड हेच दोन शब्द सारखे आडवे येऊ लागले. बहुतेकांची फरदडच असते. नांगर घालणारा विरळा.

मराठीत चाळिशी म्हणजे वय आणि चाळिशी म्हणजे जवळचं वाचायचा चष्मा. एलियट जॅक्स या मानसविश्लेषकानं १९६५ साली ‘मिडलाइफ क्रायसिस’ हा शब्द रूढ केला, पण आपल्याकडे त्या अवस्थेचं निदान चष्म्याच्या दुकानात आधीपासून होत होतं. त्याच्या आधी, १९५० मध्ये, एरिक एरिक्सननं मांडलं होतं, की मध्यम वयात माणूस एकतर मागून येणाऱ्यांसाठी काही घडवतो, नाहीतर डबक्यासारखा साचतो. आता जगण्याचं प्रयोजन शोधायला सांगणारं ‘इकिगाई’ हे पुस्तक मराठीतही मिळतं आणि निवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळासोबत भेट म्हणून दिलं जातं. वाईट पुस्तक नाही ते. पण त्यातला प्रश्न वऱ्हाडी माणूस त्या शब्दांत विचारत नाही. ‘माझ्या जगण्याचं प्रयोजन काय’ असं पारावर कोणी म्हटलं, तर लोक आधी त्याची तब्येत विचारतील. तो म्हणतो, ‘आता मले काई काम नाई राह्यलं.’ इथे प्रयोजनाला शब्द आहे तो काम. आणि काम नसलेला तो रिकामा. व्युत्पत्ती वेगळी असेल, पण ऐकणाऱ्याच्या कानाला त्यात काम ऐकू येतंच.

परंपरा जुनी आहे. मोर्शीजवळच्या रिद्धपूरला तेराव्या शतकात गोविंदप्रभू होते. गुजरातेतून निघालेला एक राजपुत्र, संसार आणि जुगार दोन्ही पाहून झालेला, त्यांच्यापाशी आला आणि पुढे चक्रधर झाला. वादविवादात हरवायला आलेला पंडित म्हाइंभट चक्रधरांचा शिष्य झाला आणि त्यानं ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. मराठी गद्याचा आरंभ हा असा, अर्ध्या आयुष्यात वाट बदललेल्या माणसाच्या हातून झाला. मराठी भाषा विद्यापीठ आता रिद्धपूरलाच निघालं आहे, हे औचित्याचंच.

पण आपल्याला जवळची वाटेल अशी पहिली गोष्ट दादासाहेब खापर्ड्यांची. गणेश श्रीकृष्ण खापर्डे, जन्म १८५४, अमरावतीचे नामांकित वकील, लोक त्यांना वऱ्हाडचे नवाब म्हणत. १८९७ ची काँग्रेस अमरावतीला भरली तेव्हा स्वागताध्यक्ष तेच होते. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि खापर्डे त्यांच्या अपिलासाठी विलायतेला गेले. दोन वर्षं राहिले. काही उपयोग झाला नाही. परतले तेव्हा वय छप्पन्न. नेता मंडालेच्या तुरुंगात, पक्ष विस्कटलेला, वकिलीची घडी मोडलेली, खर्च मात्र नवाबी. आजच्या भाषेत ‘सेकंड इनिंग’ सुरू करायला याहून वाईट खेळपट्टी नसेल.

त्यांनी काय केलं? डिसेंबर १९१० मध्ये ते आठवडाभर शिर्डीला साईबाबांकडे जाऊन आले. मग ६ डिसेंबर १९११ ला पुन्हा गेले आणि तीन महिन्यांहून अधिक काळ तिथेच राहिले. रोज डायरी लिहायची त्यांची सवय होती, त्यामुळे ते दिवस आपल्याला वाचायला मिळतात. त्या डायरीत साक्षात्काराची आतषबाजी नाही. सकाळची आरती, मशिदीत बसणं, दुपारी चारचौघांत ‘पंचदशी’चं वाचन, गावात कोण आलं, कोण गेलं. घरी जायची परवानगी मागायची, ती मिळायची नाही, की परत तोच दिनक्रम. एवढा मोठा वकील, आणि कित्येक आठवडे त्याच्याकडे सांगण्यासारखं काही काम नाही. हे वाचताना मला नेहमी वाटतं, की त्या डायरीतली सगळ्यात धाडसी गोष्ट ही रिकामपणाची आहे. आपण चार दिवसांची सुटी निघाली तर पाचव्या दिवशीचं नियोजन करतो.

मार्च १९१२ मध्ये खापर्डे परत आले. १९१४ ला टिळक सुटले, १९१६ पासून होमरूलच्या चळवळीत खापर्डे पुन्हा उभे राहिले आणि पुढे दिल्लीच्या कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये बसले. १९३८ मध्ये, त्र्याऐंशीव्या वर्षी, गेले. म्हणजे माझ्या हिशेबानं ही फरदडच, तेच झाड, तेच पीक. पण मधे तीन महिने त्यांनी पाणी तोडलं होतं. उपमेला पहिला तडा इथेच जातो, आणि जावा. माणूस काही सरळ कपाशीचं झाड नव्हे.

नांगर घालणाऱ्यांत पहिलं नाव अर्थात डेबूजींचं, म्हणजे गाडगेबाबांचं. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेणगावचा, २३ फेब्रुवारी १८७६ चा जन्म. मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडे वाढला. नांगर, वखर, गुरं, सगळ्यात पटाईत. मामाची जमीन सावकारानं घशात घातलेली त्यानं पाहिली होती. १ फेब्रुवारी १९०५ च्या पहाटे तो घरातून निघाला, तेव्हा एकोणतीस पुरी व्हायला तीन आठवडे होते. लग्न झालेलं, पोरंबाळं असलेली. पुढचं सगळ्यांना पाठ आहे: हातात काठी आणि फुटकं गाडगं, पूर्णेकाठच्या ऋणमोचनची साफसफाई आणि घाट, मग कीर्तनं, आणि पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबईच्या धर्मशाळा.

गाडगेबाबांबद्दल एवढं लिहिलं गेलं आहे, पण एक गोष्ट या विषयाच्या अंगानं क्वचित सांगितली जाते. त्यांनी नवं काम शोधलं, नवे हात शोधले नाहीत. झाडणं, माती वाहणं, गोठा साफ करणं, दहा माणसांना कामाला लावणं, हे सगळं दापुऱ्याच्या वावरात शिकलेलं. सालदाराचं कसब त्यांनी गावाच्या अंगणात आणलं, इतकंच. ‘इतकंच’ म्हणतो खरा.

आणि दुसरी गोष्ट तर मुळीच सांगितली जात नाही. त्या पहाटे दापुऱ्यात कुंताबाई मागे राहिल्या, लेकरांसह. ध्येय शोधायला निघालेल्या माणसाच्या मागे घर कोणी तरी सांभाळतंच, तेव्हा त्याला निघता येतं. अमरावतीच्या विद्यापीठाला बाबांचं नाव आहे आणि ते योग्यच आहे. पण वऱ्हाडातल्या ‘वाट बदलण्याच्या’ गोष्टींचा हिशेब मांडायचा, तर खर्चाच्या रकान्यात कुंताबाईंचं नाव लिहावं लागेल. घर सोडून जाण्याची मुभा त्या काळी बाईला नव्हती. आज आहे का, हे वाचणाऱ्या बायांनी ठरवावं.

डॉ. शिवाजीराव पटवर्धनांची वाट वेगळी. जन्म १८९२, मूळ जमखंडीकडचे, अमरावतीत होमिओपॅथीचा दवाखाना. स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंग झालेला. असा माणूस पन्नाशीनंतर नगराध्यक्ष होतो, आमदार होतो, निदान ताम्रपटाची वाट पाहतो. पटवर्धनांनी १९४६ मध्ये गावाबाहेरच्या माळावर कुष्ठरोग्यांसाठी जगदंबा कुष्ठनिवास उभारला. तेच तपोवन. रोगावर खात्रीचा इलाज खेडोपाडी पोचायला अजून वेळ होता. रोगी म्हणजे घरानं टाकलेला, देवळाच्या पायरीवर बसलेला. तपोवनात त्याला अन्न-औषधासोबत काम मिळालं: शेती, सुतारकाम, विणकाम. अमरावतीच्या जुन्या घरांत तपोवनची सतरंजी किंवा खुर्ची अजून सापडते.

पटवर्धनांना १९५९ मध्ये पद्मश्री मिळाली, ते १९८६ पर्यंत जगले. पण मला तपोवनची खरी गोष्ट त्यांच्यापेक्षा त्या सुतारांची वाटते. तिशी-चाळिशीत गावानं हाकललेला माणूस, बोटांची संवेदना गेलेली, आणि तो रंधा धरायला शिकतो. आयुष्याच्या मधोमध नवं ध्येय म्हणजे काय, याचं यापेक्षा अवघड उदाहरण माझ्यापाशी नाही. योगायोग असा, की त्याच १९४६ साली व्हिएन्नात व्हिक्टर फ्रँकलचं छळछावणीवरचं पुस्तक निघालं. माणूस बहुतेक हालअपेष्टा सोसतो, पण त्यासाठी जगायला कारण लागतं, असं त्याचं म्हणणं. तपोवनात कोणी ते वाचलं असण्याची शक्यता नाही. वाचायची गरजही नव्हती.

अलीकडची नावं घ्यायची तर अचलपूर तालुक्यातल्या वज्झरचे शंकरबाबा पापळकर. पत्रकारिता करत होते, मासिक चालवत होते. ते सोडून टाकून दिलेल्या, दिव्यांग मुलांचे बाप झाले. मुलांच्या कागदपत्रांवर स्वतःचं नाव लावलं. अठरा पूर्ण झाली की बालगृह सोडायचं, हा नियम अशा मुलांना लावू नका, म्हणून ते वर्षानुवर्षं सरकारशी भांडत आहेत. २०२४ मध्ये पद्मश्री आली, आणि त्याच वर्षी आश्रमात वाढलेली एक अंध मुलगी लोकसेवा आयोगाची परीक्षा पास झाली. मेळघाटातल्या बैरागडला डॉ. रवींद्र कोल्हे तरुणपणीच गेले होते, पण डॉ. स्मिता कोल्हे नागपूरचा चालता दवाखाना बंद करून गेल्या. या दोन निर्णयांत फरक आहे आणि दुसरा अवघड आहे, असं माझं मत.

बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर शेतीचे पदवीधर. रासायनिक शेती पद्धतशीर केली, आणि १९८५ नंतर उत्पन्न घसरायला लागलं तेव्हा जंगलात जाऊन झाडं खताशिवाय कशी वाढतात ते पाहत बसले. त्यातून त्यांची नैसर्गिक शेती निघाली, २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या दाव्यांवर कृषिशास्त्रज्ञांचे गंभीर आक्षेप आहेत आणि ते नजरेआड करू नयेत. पण पस्तिशीनंतर आपण शिकलेलंच चुकलं असेल, असं स्वतःशी म्हणायची हिंमत, तीही स्वतःच्या वावराच्या जिवावर, फार थोड्यांत असते.

या सगळ्या माणसांत एक साम्य सापडतं. कोणीही ध्येय शोधायला बसलं नव्हतं. सावकार, कुष्ठरोगी, उकिरड्यावर टाकलेलं लेकरू, घटलेला उतारा असं काहीतरी समोर आलं आणि ते चुकवून पुढे जाता आलं नाही. खापर्डे तेवढे अपवाद. ते खरंच बसले होते.

आता जरा खाली उतरू. पद्मश्रीवाल्यांवरून जिल्ह्याचा अंदाज बांधू नये.

अमरावती हे विभागाचं ठाणं, इथे सरकारी नोकरीचा वर्ग मोठा. बहुतेक राज्य सरकारी कर्मचारी अठ्ठावन्नला निवृत्त होतात, गुडघे धड असतात, पेन्शन लागू असते. वडाळी किंवा छत्री तलावावर सकाळी फिरायला जा, त्यांचे घोळके दिसतील. चर्चा रक्तदाब, महागाई भत्ता आणि पुण्याची. पुण्याची, कारण पोरं तिकडे. रोज रात्री अमरावती-अकोल्याहून पुण्याला सुटणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये मोजून पाहा, किती सीटवर आई-बाप असतात, पायाशी तूरडाळीची थैली आणि सांडग्यांचा डबा घेऊन. नातवंडं सांभाळणं हे त्यांचं नवं ध्येय, पण ते सहा महिन्यांच्या पाळीनं, सुनेच्या आईशी वाटून घेतलेलं. आनंद आहे त्यात, नाही असं नाही. पण ध्येयाचा पत्ता दुसऱ्याच्या फ्लॅटचा असला की माणूस पाहुण्यासारखाच वागतो.

जे इथेच राहतात त्यांच्यातले काही मुख्याध्यापकाचे संस्थाचालक होतात, साहेबांचे कॉलनीचे अध्यक्ष, मॅनेजरचे पतसंस्थेचे संचालक. ही अस्सल फरदड आणि तिला अळी लागतेच. आमच्याकडच्या कुठल्याही संस्थेची कार्यकारिणी पाहा, सत्तर पार केलेले तेच चेहरे पंचवीस वर्षं. खाली चाळिशीतला हुशार मास्तर सह्या घ्यायला दारात उभा. वरच्यांचं नवं ध्येय खालच्यांचा हंगाम खातं. याच्या उलट शेगावच्या गजानन महाराज संस्थानात जाऊन पाहावं, अकोल्याहून लांब नाही. तिथे सेवाधारी पाळीनं येतात. कालपर्यंत कचेरीत बेल वाजवणारा माणूस तिथे ताटं उचलतो, चपला सांभाळतो. पूर्वीचं पद तिथे चालत नाही. काहींना त्याचीच गोडी लागते.

पण पेन्शन, गुडघे आणि डोक्यावर छप्पर ही तिन्ही असणारा माणूसच ‘आता काय करू’ हा प्रश्न मजेनं विचारू शकतो. बाकीच्यांना तो अंगावर येतो. अकोल्याची सावतराम मिल, मोहता मिल, अचलपूरची विदर्भ मिल या १९७४ मध्ये सरकारनं ताब्यात घेतल्या आणि पुढे एकेक करून थांबल्या. अचलपूरला नव्या यंत्रांची फिनले मिल उभी राहिली, तीही २०२० च्या टाळेबंदीत बंद पडली. पंचेचाळिशीतल्या कातणाऱ्या-विणणाऱ्याला अशा वेळी कोणी विचारत नाही, की तुला मनापासून काय आवडतं. तो ऑटो घेतो, रसवंती टाकतो, नाहीतर एटीएमवर रखवालदार होतो.

आणि तिशी ओलांडलेली पोरं. अमरावती-अकोला दोन्ही शहरांत गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत, महिन्याच्या फीवर खुर्ची आणि दिवा. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा अडतीस, मागासवर्गीयांची त्रेचाळीस. म्हणजे ध्येय संपण्याची तारीख जन्मदाखल्यावरच छापलेली. काही जण त्या तारखेपर्यंत खुर्ची सोडत नाहीत, कारण खुर्ची सोडली की बापाच्या चार एकरांत परत जायचं आणि लग्नाच्या बाजारात ‘शेती करतो’ असं सांगायचं. त्यांना कोणी नवं ध्येय शोधायला मदत करत नाही. आपण फक्त निकालाच्या दिवशी पास झालेल्याचे फलक लावतो.

बायांचं वेळापत्रक निराळंच. त्यांची उलंगवाडी पोरं मार्गी लागली की होते, आणि मग उमेद असेल तर पेरणी. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चं. त्याची पूर्वतयारी परीक्षा दिली की शाळा सुटलेल्या बाईलाही बी.ए.ला बसता येतं, आणि वयाला वरची अट नाही. लेक आणि माय एकाच वर्षी पदवीधर झाल्याची घरं आमच्या ओळखीत आहेत. दुसरी वाट दाळीची. अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं बनवलेली मिनी दालमिल एका खोलीत बसते. बचत गटानं ती घेतली की गावची तूर गावातच भरडली जाते. मोठं यश म्हणावं असं त्यात काही नाही. पण पन्नाशीतली बाई पहिल्यांदा स्वतःच्या सहीनं बँकेतून पैसे काढते, तो दिवस तिच्या लेखी शिर्डीच्या तीन महिन्यांएवढा असावा.

शेवटी त्या बायांबद्दल, ज्यांना काहीच निवडता आलं नाही. नवऱ्यानं आत्महत्या केली आणि पस्तिशीत वावर, कर्ज, सासू-सासरे, लेकरं एकदम अंगावर आली, अशा बाया या दोन जिल्ह्यांत गावोगाव आहेत. त्यांचं नवं ध्येय ठरलेलं असतं आणि ते कागदांतून सुरू होतं: मृत्यूचा दाखला, वारस नोंद, फेरफार, सातबारावर नाव, पीककर्जाचं पुनर्गठन. सरकारी मदत एक लाखाची, तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत, तीही प्रकरण पात्र ठरलं तर. पात्र ठरायला पुन्हा कागद. खात्याचा नंबर, बँकेचा दाखला, तलाठ्याचा अहवाल. एका फेरीला एक दिवसाची मजुरी बुडते.

तलावावर फिरणाऱ्या घोळक्यांत निवृत्त तलाठी आहेत, नायब तहसीलदार आहेत, जिल्हा बँकेत तीस वर्षं काढलेले शाखाधिकारी आहेत. कोणता अर्ज कुठल्या टेबलावर अडतो, हे त्यांना झोपेतही सांगता येईल. डेबूजींनी वावरातलेच हात गावाकडे वळवले, तसे यांनी कचेरीतले हात वळवावेत. घर सोडायचं नाही, आश्रम काढायचा नाही, कुंताबाईंना मागे टाकायचं नाही. आठवड्यातून एक दिवस अशा एका बाईसोबत तिच्या तालुक्याला जायचं, तिच्या शेजारी बाकावर बसायचं आणि फाईल हलेपर्यंत उठायचं नाही. सोमवार घ्या. कचेरी पावणेदहाला उघडते.